स्नेहलच्या पेशी

४ ऑगस्ट
कंबर धरली ती धरलीच! पिकअपमधी टोमॅटोची क्रेटं चढवताना मणक्यातली गादी सरकली. डॉक्टर म्हणतो पडून ऱ्हा. पडतो की — घरात हाय कोण दुसरं? स्नेहलची आई जया व्हती तवा पाठ शेकून तरी द्यायची. आता शेजारच्या साळुबाई भाकरी झाकून ठेवत्यात अन् जात्यात. त्यांनाबी बोलायला येळ न्हाई.

६ ऑगस्ट
स्नेहलचा फोन न्हाई.

९ ऑगस्ट
आला! पोरगी चीनमधी मणक्याच्या गादीच्याच पेशी बशीत वाढवती. तिथल्या झाडपाल्याचं औषध त्यांच्यावर टाकून बघती, जगत्यात का. म्हणाली, "आप्पा, त्या गादीत रक्त पोचत नाही. एकेक पेशी आपापल्या खोलीत एकटीच राहते." म्हटलं, म्हंजी माझीच भावकी की! हसली. अन् लगेच, "ठेवते आप्पा, पेशींना खायला घालायचंय."
पेशींचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू!

१७ ऑगस्ट
मोबाईलवरनं तसलीच चिनी मुळी मागवली. उकळून एक घोट घेतला — भडाभडा वकलो! उरलेली उकिरड्यावर.
तरी स्नेहलला सांगितलं, तुझं औषध चालू केलंय. निदान बोलायला इषय! तापली की पोरगी. "कुणी सांगितलं? ते अजून माणसाला दिलेलंच नाही! आधी बंद करा!"
बघू, म्हटलं.

१८ ऑगस्ट
सकाळी फोन. संध्याकाळी परत फोन! "बंद केलं का?" न्हाई म्हणून ठोकून दिलं.

२५ ऑगस्ट
आता रोज फोन! जेवलात का, झोप लागते का, लघवीचा रंग कसा — सगळं इचारती. आईवानी रागावती. लई बरं वाटतं राव.
कंबर सुटली. आज धरणापर्यंत चालत गेलो. तिला बोललो न्हाई.

३० ऑगस्ट
दोन दिस फोन न्हाई. जीव थाऱ्यावर न्हवता. आज आला अन् तोंडातनं निघूनच गेलं — "डोळं जरा पिवळं दिसत्यात गं."
पलीकडनं मंग रडक्या आवाजात, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, आप्पा." जातो म्हटलं. कशाला जाऊ? डोळ्यांचं तसं खोटं बोलायला नको व्हतं.

१ सप्टेंबर
मुंबईत उतरली! "येतेय आप्पा, घाबरू नका." पेशी कुणाकडं ठेवल्यास, इचारलं. "टाकून दिल्या. वर्षभराचं काम होतं. जाऊ दे, तुम्ही आधी."
आरशात बघितलं. डोळं पांढरेशुभ्र.