कर्जतहून परत आलेला डबा

सोमवार, १२ फेब्रुवारी १९७३, संध्याकाळ

दुष्काळामुळे आम्ही कॉलेजच्या मेसमध्ये मुलींना फुकट जेवण सुरू केलं, तेव्हा वाटलं, माझ्या विद्यार्थिनीचा, कौसल्येचा, कर्जतहून एस.टी.नं येणारा डबा आता बंद होईल. कुठला बंद, उलटाच फिरला. स्वतःच्या वाटची भाकरी ही पोर त्यात भरून आईला धाडते, हे मला आज कळलं, स्टँडवर. कंडक्टर तिच्या हाती डबा देत म्हणाला, "आई म्हनली, आमी जेवलोय. तू खा."

डब्यातल्या फडक्याची गाठ आईच्या हातची, कौसल्येनं लगेच ओळखली. म्हणजे आईनं उघडून पाहिलं आणि पुन्हा बांधलं. कौसल्येनं गाठ हलकेच सोडवली. आत आमच्या मेसचीच भाकरी, वाळलेली, अख्खी.

"राहू दे ती, गरम वाढते," मी म्हटलं.

ती भाकरी हलकेच उचलत कौसल्या म्हणाली, "न्हाई बाई. ही आईनं पाठवलीय."