मधल्या सीटखालची वायर

प्रिय दिल्या,

तू गेल्यावर तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. तेवढा राग होता. पण आज आपल्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात जे झालं ते सांगायला दुसरं आहे कोण? आईला वायरीतलं कळत नाही, आणि वैशूचं नाव घरात काढायची सोय नाही. दोन्ही कळणारा तू एकटाच होतास. म्हणून लिहितोय. फार दमलोय रे, अक्षर वाकडंतिकडं येईल, सांभाळून घे.

वैशूचं लग्न ठरलं. परवा आहे. मुलगा एकलहऱ्याला, पॉवर स्टेशनात परमनंट. तू असतास तर म्हणाला असतास, "संज्या, तू अर्धा इलेक्ट्रिकल, तो पूर्ण. चुकलं काय तिच्या बापाचं?" हस, हस. आता चिडायचंसुद्धा त्राण नाही.

आज सकाळी दुकान उघडतोय तोच तिचा भाऊ दारात. भास्कर, सिन्नर लाइनला काळीपिवळी जीप चालवतो तो. वरातीसाठी जीपमध्ये गाण्यांची दणदणीत सिस्टीम हवी म्हणे. मागे दोन मोठे बेसचे स्पीकर, एक अँप्लिफायर, आणि वायर त्याने स्वतःच आणलेली. लाल, चकचकीत, अंगठ्याएवढी जाड. मी टोक कापून सोललं. अरे, नुसतं प्लास्टिक! आत तांब्याचं पाणी दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चार तारा.

"भास्करदादा, ही नाही चालणार. आत मालच नाही."

"जाड हाय की! अजून काय पायजे?"

"जाडी वरच्या सालीची आहे. चार नंबरचं तांबं लागेल."

"चार? हिच्यावर आठ लिवलंय बघ. मी आठ आणली अन् तू चार टाकतो? बहिणीचं लगीन हाय, कमीपणा नको."

नंबर वाढला की वायर बारीक होत जाते, हे आपण आजवर किती जणांना सांगितलं असेल! तू चहा मागवून सांगायचास, दोन वायरी शेजारी धरून, हसत. मला ते जमत नाही. समोरच्याने दुसऱ्यांदा तेच विचारलं की माझा आवाज चढतो.

तो चांदवडचा कांदा व्यापारी आठवतो? दुसरीकडून सिस्टीम बसवलेली, आणि गाडीतून धूर येतोय म्हणून आपल्याकडे आला होता. तू गालिचा उचललास तर वायरीची साल वितळून त्याला चिकटलेली. बॅटरीजवळ फ्यूज नाही, काही नाही. आणि त्याच सीटवर त्याची पोरं चिवड्याचा पुडा फोडून बसलेली!

त्यानंतर तुझा नेम ठरला. डब्यावर छापलेल्या वॅटवर जायचं नाही, अँपच्या पाठीवरचे फ्यूज बघायचे. चाळीसचे दोन, म्हणजे ऐंशी अँपिअर ओढणार. मग बॅटरीपासून मागपर्यंत दोरी टाकून लांबी. लांबी वाढली की वायर आणखी जाड. हिशेब मात्र मला करायला लावायचास. "दोन वर्षं डिप्लोमाची फी भरलीस ना? कर वसूल!" वर्कशॉपच्या सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, ते तू कधी विसरू दिलं नाहीस.

वैशू तसं बोलायची नाही. पंचवटीत फुलांच्या बाजारात, झेंडूच्या करंड्यांआड उभं राहून एकदाच म्हणाली, "सोडलंस ते सोडलंस. पण घरी मी काय सांगू?" मी? तिच्यावरच ओरडलो आणि निघून आलो. तू म्हणालास, जा, माफी माग. मी गेलो नाही. तू मला ओढून का नाही नेलंस रे?

आणि तुला तरी कोण ओढून नेणार होतं? डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, मी रोज सांगतोय दवाखान्यात चल, आणि तू म्हणे, "एवढी एक व्हॅन होऊ दे." एक व्हॅन! तीच तुझी शेवटची ठरली. तिचा मालक आता मला ओळखसुद्धा देत नाही.

असो. भास्करला मी परत समजावलं. तर तो म्हणतो कसा, "तुला वायरीचं काय बी पडलं नाय. वैशू दिली नाय म्हनून आडवतोय तू."

पुढे काय झालं असेल ते तुला सांगायला नको. वायरीचं भेंडोळं उचललं आणि रस्त्यावर भिरकावलं. "ने तुझी जीप!" म्हणालो. तो भेंडोळं उचलून गेला. जाताना म्हणाला, "द्वारका चौकात काय दुकानं कमी हायेत?"

मी स्टुलावर बसून राहिलो. म्हटलं, जाऊ दे. माझं काय जातंय? मग हळूहळू डोळ्यांसमोर जीप यायला लागली. पुढे बॅटरी, मागे अँप. वायर जाणार मधल्या सीटखालून, डिझेलच्या पाइपाशेजारून. आणि एकलहऱ्याला जाताना मधल्या सीटवर कोण बसणार?

स्कूटरला किक मारली. चौकातल्या दुसऱ्या दुकानात तो सापडला, तिथे ती लाल वायर अर्धी अंथरूनही झालेली. भास्कर मला बघून म्हणाला, "सपला का राग?"

"नाही संपला. जीप आण."

का कोण जाणे, ती वायर काढायला लावून मागोमाग आला.

अंबडहून आणलेली वेल्डिंगची केबल टाकली, तू टाकायचास तीच, नुसतं तांबं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. अर्थिंगलाही तेवढीच जाड केबल, पत्र्याचा रंग खरवडून लखलखीत धातू लागेपर्यंत. पत्र्यातून वायर जाते तिथे रबर. डिझेलच्या पाइपापासून लांब, दुसऱ्या अंगाने नेली. अख्खी दुपार गेली. मग इंजिन चालू ठेवून पूर्ण आवाजात वाजवलं आणि वायरीवरून हात फिरवत पुढून मागे गेलो. गार होती रे. सगळीकडे गार.

भास्करनेही उकिडवं बसून हात लावून पाहिला. उठताना म्हणाला, "खरं सांगू का? वैशूच म्हनली व्हती, वायरीचं काम संजयकडंच दे. म्हनून पयलं तुझ्याकडं आलतो."

दिल्या, हे सकाळी नसतं का सांगता आलं त्याला? आणि ती असं म्हणाली, याचं आता मी करू काय? ठेवू कुठे? जीप गेली तरी मी किती तरी वेळ नळाखाली हात धूत उभा होतो.

वरातीला बोलावलंय. मी जाणार नाही. पण हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात, म्हणून लग्न उरकलं की जीप परत आणायला सांगितलीय. तुला शब्द देतो. भास्कर येईल तेव्हा एकेक बोल्ट आवळीन, वायर पुन्हा हाताने तपासीन. आणि ती कशी आहे, हे विचारणार नाही. जीभ चावीन, पण विचारणार नाही.

तुझाच,
संज्या