पट्टी वाकवण्याचे यंत्र धम्मदीपाच्या नावे

मी, संघदीप शेषराव खंडारे, वय सव्वीस, धंदा फॅब्रिकेशन, राहणार कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. उद्या कारंज्याला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. "एवढ्याशा ऑपरेशनले कोनी मृत्युपत्र करते काय बे?" असे दुकानात माझ्यासोबत काम करणारा माझा चुलतभाऊ मुन्ना म्हणाला. करते. मी करतो आहे.

१. घर आईच्या, म्हणजे भागिरथाबाईंच्या, नावावर आहेच. मोटारसायकल मुन्नाला. तिच्या ब्रेकवर त्याने माझ्याइतका विश्वास ठेवू नये.

२. दुकान, त्यातील पट्टी वाकवण्याचे यंत्र, काटकोन तपासायचा गुण्या आणि हातोड्या माझी बहीण धम्मदीपा हिला. यंत्र आपलेच, असे मुन्ना धरून चालला आहे, म्हणून कारण लिहितो. मागच्या पेरणीआधी धनजच्या जगदेवभाऊंच्या पेरणी यंत्राचे ब्रॅकेट करायचे होते. डाव्या-उजव्या बाजूची पट्टी सारखीच. फक्त एक वर वाकवायची, दुसरी खाली. मुन्नाने फरशीवर खडूने आकृती काढली, मापे टाकली आणि दिशा डोक्यात ठेवली. चहा पिऊन आला तोवर ती डोक्यातून गेली होती. सगळे ब्रॅकेट डावे निघाले. जगदेवभाऊ म्हणाले, "मुन्ना, अर्ध्या वावरात यंत्र चालवतो, अन् अर्ध्यात तुले जुंपतो."

मग धम्मदीपाने कागदावर आकृती काढली. मापे बाहेरून बाहेरपर्यंत, सगळी एकाच कडेपासून. वाकाची आतली गोलाई वेगळी लिहिलेली, कोन अंशांत. वाकवायच्या तुटक रेषेजवळ 'वर' किंवा 'खाली'. सपाट पट्टीची लांबी दुसऱ्या आकृतीत, म्हणजे घोटाळा नको. त्या कागदावरून काम करताना मला तिला एकदाही हाक मारावी लागली नाही. एरवी मी कुलूप लावल्याचेही दोनदा विचारतो.

३. मुन्नाला दुकानातून काढू नये. त्याचा हात सरळ आहे. फक्त खडू देऊ नये.

४. आई म्हणते, "पोरीले मशीन कायले देतं? उद्या सासरी नेईन काय ते?" न्यावे. बोल्ट सोडले की ते ट्रॉलीत चढते.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते, असे कळले. मी धडधाकट परत आलो, तर मुन्ना नक्की म्हणेल, "चाल, आता ते फाड." म्हणून लिहितो की, परत आल्यास मी यंत्राचे बक्षीसपत्र तिच्या नावे करीन आणि डॉक्टरांनी जड उचलू दिले की तिच्याच हाताखाली कामाला लागेन. पाटीवरच्या 'खंडारे बंधू' मधले 'बंधू' मी आज सकाळीच रंगाने झाकले आहे. रंग वाळला की तिथे तिने आपले नाव लिहावे.

मुन्नाला साक्ष करायची होती. पण त्याला मोटारसायकल मिळते, म्हणून मी नको म्हणालो. तो दाराशी रुसून बसला आहे.

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, साक्षीदार:
लालसिंग राठोड, टायरवाले (सही)
ज्योत्स्ना इंगोले, शेजारीण (सही)

लिहून ठेवणार: संघदीप शेषराव खंडारे (सही)
कामरगाव, १६ नोव्हेंबर २०२५