आण्णाचा आवाज भरून यायला हवा

३ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी साडेसात.
आज सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आलो आणि चहाच्या आधी आण्णाची कॅसेट लावली. वीस वर्षांपूर्वी गावच्या बस्तीत आण्णानं म्हटलेलं स्तवन. मीच टेपवर घेतलेलं. आण्णा, माझा थोरला भाऊ, जानेवारीत गेला. तेव्हापासून ही अकरावी वेळ. काही झालं नाही. स्वयंपाकघरात बायकोनं, सौम्यानं, पदर डोळ्याला लावला. मी चहा प्यालो.
कारण सापडलं. स्पीकर. आवाज पातळ येतो, ऊब नाही. अशा आवाजानं रडू कसं येणार? मयताच्या दिवशी वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली होती, भावजींच्या डोळ्यात टिपूस न्हाय. त्या दिवशी मंडप, खुर्च्या मीच बघत होतो. वेळ कुठं होता.
निश्चय: ८ सप्टेंबरच्या क्षमावलीपर्यंत, म्हणजे एकमेकांची माफी मागायच्या दिवसापर्यंत, आण्णाचा आवाज समोर बसल्यासारखा आणायचा. मग वहिनीला गावाहून इथं निपाणीला बोलावून ऐकवायचा. तेव्हा बघावं तिनं माझ्या डोळ्यांकडं.

१० ऑगस्ट, रविवार.
बेळगावला गेलो. खडेबाजारातला स्पीकरवाला मष्णू म्हणाला, साहेब, ह्ये स्पीकर लावा, माणूस खोलीत आल्यागत वाटंल. आणले. कपाटाएवढे आहेत. सौम्या म्हणाली, देवघर कुठं सरकवू, ते बी सांगा. म्हटलं, तात्पुरतं.
लावलं. बस्तीतला पंखा स्वच्छ ऐकू आला. आण्णा होता तेवढाच.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदन. घरी येऊन मष्णूला फोन. म्हणाला, स्पीकर हत्तीचं आणि अँप्लिफायर शेळीचा, कसं जमायचं? जुन्या पद्धतीचा, ट्यूबचा घ्या. तापला की आवाज ऊबदार होतो.
शास्त्रीय वाटतं.

१७ ऑगस्ट, रविवार.
आणला. अर्धा तास तापू द्यावा लागतो. सौम्यानं विचारलं, तवर त्यावर भाकरी भाजून घेऊ काय? मी घड्याळ लावून बसलो.
आण्णा थोडा जवळ आला. पण नवीन अडचण. कुणीतरी टाळ्या वाजवतोय, सतत चुकीच्या जागी. कोण हा अडाणी? सौम्या म्हणाली, अहो, ते तुम्हीच की! टेप तुमच्या मांडीवर हुता.
अशक्य. माझा ताल पक्का आहे. तीन वर्षांपूर्वी आण्णाही भर बस्तीत म्हणाला होता, अभी, टाळी चुकतीया रं. सगळे हसले. तेव्हापासून मी गावी जाणं सोडलं, मयताला गेलो तेवढंच. तत्त्वाचा प्रश्न होता.

२८ ऑगस्ट, गुरुवार.
पर्युषण सुरू. एकवेळ जेवण. संकल्प: दहा दिवस नवीन खरेदी नाही.
आज पहिला दिवस, उत्तम क्षमेचा, प्रवचन त्यावरच. गेल्या वर्षी क्षमावलीला आण्णा बसनं आला होता. दारात हात जोडून म्हणाला, अभी, माझं काय चुकलंमाकलं असंल तर माफ कर रं. टीव्हीवर मॅच होती. मी बरं बरं म्हटलं आणि आवाज वाढवला. चहा घेऊन तो गेला.
हे लिहायचं काही कारण नाही. प्रवचनात विषय निघाला म्हणून.

३० ऑगस्ट.
मष्णूकडून जाड वायर मागवली. वायर ही खरेदीत धरत नाहीत.

५ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी.
वायर लावली. आजवर न ऐकलेलं ऐकू आलं. स्तवन संपल्यावर आण्णा हळूच म्हणतो, अभी, आता तू म्हण की रं. मग खट्.
बटण मीच दाबलेलं.
परत लावलं. परत खट्. रडू आलं नाही. हात गार पडले होते. अँप्लिफायर मात्र चांगला तापला होता.

७ सप्टेंबर, रविवार.
वहिनीला फोन केला. म्हणाली, माझं गुडघं धरल्यात, भावजी. तुम्हीच या की. मयताला मांडवातच हुतासा; घरात येऊन किती वर्सं झाली, घर तरी वळखतंय काय तुम्हाला?
ठीक. सगळी सिस्टीमच गावी न्यायची. टेम्पो सांगितला, सकाळी सातला. वहिनीसमोर काय बोलायचं तेही ठरवलं. अर्थात आधी आवाज ऐकवून.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावली.
टेम्पो आला नाही. दहापर्यंत वाट बघितली. सौम्या म्हणाली, स्पीकर माफी मागणार हाईत, का तुम्ही? कॅसेट खिशात घालून चिकोडीची बस धरली, तिथून गावी.
वहिनीकडं टेप नाहीच. कॅसेट बघून म्हणाली, ही कशाला आणलासा? सौम्यानं फेब्रुवारीतच मोबाईलवर पाठिवलंय. रोज ऐकतो आम्ही.
फेब्रुवारीत. म्हणजे जुन्या स्पीकरवरून.
तिनं मोबाईल पितळी पातेल्यात उभा ठेवला. म्हणाली, असं केलं की आवाज भरून येतोय बघा.
आला. आण्णा चुलीपाशी बसल्यासारखा. टाळी चुकत होती. माझीच. मग आण्णाचं ते वाक्य, पंखा लावलेल्या खोलीतसुद्धा स्पष्ट. मग खट्.
मी उठलो, हात जोडले आणि म्हटलं, वहिनी, माझं चुकलं.
मोबाईलवर स्तवन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. वहिनी कानामागं हात धरून म्हणाली, काय म्हणालासा, भावजी? ऐकू आलं न्हाय. तिनं पातेल्यात हात घालून आण्णाला थांबवलं.
परत म्हटलं.