तीन नंबरचा प्लग

नागपूर,
६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम वि. वि.

इकडे सगळे खुशाल. सकाळच्या उमरेड बसने चार स्पार्क प्लग आणि आईने केलेले तिळाचे लाडू पाठवते आहे. लाडू मामीचे, प्लग तुमचे. अदलाबदल करू नका.

प्लग आमच्या गॅरेजात आलेल्या एका टर्बोवाल्या पेट्रोल गाडीचे आहेत. टर्बो म्हणजे काय ते खाणीच्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाला मी काय सांगणार! टर्बोने हवा जितकी कोंबायची तितके पेट्रोल वाढवायचे, हे गणित मी पहिल्यांदाच एकटीने बसवले आहे. गाडी १९ तारखेच्या रविवारी धावपट्टीवर शर्यतीत पळणार. नीट पळाली तर गॅरेजचे मालक धर्मेंद्रभाऊ ट्यूनिंगचे टेबल माझ्याकडे देणार. नाहीतर मी आहे आणि ऑइल बदलणे आहे.

लॅपटॉपवरचा हवा-पेट्रोलचा आलेख अगदी सरळ आहे. सगळे म्हणतात, झाले काम. मलाच चैन पडत नाही. पूर्ण जोरात असताना आत कुठेतरी बारीक टकटक होते, की मला भास होतो, कळत नाही. तुम्ही जीपचे प्लग पाहून इंजिनाच्या पोटातले सांगायचात. या चौघांचे काय म्हणणे आहे? फोटो पाठवला असता, पण फोन रंग खोटे दाखवतो असे तुम्हीच म्हणता.

माया आहे तशीच असू द्यावी.
आपली भाची,
लतिका


उमरेड,
९ जानेवारी

चि. लतिका हिस,
सप्रेम जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

लाडू पोचले, झकास झाले आहेत. प्लग कशाने घासले ते मात्र तुझ्या आईला विचार. बोट फिरवले तर काजळीचा कण नाही, नाकाशी नेले तर भांड्यांच्या साबणाचा वास! सिंधूताई शेजारणीची वाटीसुद्धा लखलखीत करून परत देते, तिचे काय चुकले? पण तू डबा तिच्या हाती दिलास काहून? जे वाचायचे तेच धुऊन निघाले.

आता दुसरे. अक्षर मामीचे आहे हे तू ओळखले असशीलच. दसऱ्यापासून मला रंग दिसत नाहीत, उजेड आणि सावली तेवढी कळते. डॉक्टर म्हणतात, गेले ते परत यायचे नाही. ताईला अजून सांगितलेले नाही, तूही सांगू नको. ती रडत पहिल्या बसने येईल.

म्हणून पुढचे प्लग पाठवू नको. तूच पाहा आणि मला लिही. नवे प्लग लाव. वर्दळ नसलेल्या जागी पूर्ण जोर दे आणि तशातच क्लच दाबून इंजिन बंद कर. गाडी आपली आपण थांबू दे आणि प्लग तिथेच काढ. रमतगमत गॅरेजात आणलीस तर नुसत्या घुरघुरण्याने काजळी चढते, मग सगळे खोटे. कोणता प्लग कितव्या नंबरचा ते लिहून ठेव. टॉर्च आणि भिंग घेऊन आतली चिनी माती पाहा. फोन करू नको, फोनवर घाईत सांगशील. लिहिताना माणूस दोनदा पाहतो.

टर्बोचे पेट्रोल इंजिन मी कधी उघडलेले नाही, म्हणून विचारतो. तो लॅपटॉप ज्या सेन्सरवर विसंबतो तो धुराच्या नळीत नेमका कुठे बसवला आहे? चौघांचा धूर एकत्र होतो त्याच्या आधी की नंतर?

(मी प्रेमिला. हे काल जेवले नाहीत. चारी प्लग हातात घेऊन बसून राहिले.)

तुझा,
नत्थूमामा


नागपूर,
१७ जानेवारी, शुक्रवार

ती. मामांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचे पत्र वाचून जिन्यात बसून रडले. आईने विचारले तेव्हा कांदा चिरत होते म्हणाले, हातात कांदा नव्हता तरी. घासल्याचे तिने कबूल केले. म्हणाली की भावाले असं काळंकुट्ट कोन पाठवते वं.

बुटीबोरीला एका बंद कारखान्याच्या आवारात लांब रस्ता आहे. परवानगी काढून तिथे तुम्ही सांगितले तसे केले. एक, दोन आणि चार सारखेच. तीनची चिनी माती मात्र खडूसारखी कोरडी, पांढरी. भिंगाखाली तिच्यावर बारीक चंदेरी कण दिसतात, बर्फीचा वर्ख चुरडल्यासारखे. नखाने निघत नाहीत.

सेन्सर चौघांचा धूर एकत्र झाल्यावर आहे. म्हणजे तिघे पोटभर पेट्रोल जेवले आणि एक उपाशी राहिला, तरी तो पंगत उठली असेच सांगणार. हे लिहितालिहिताच माझ्या ध्यानात आले.

तुमचे उत्तर येईतो रविवार उलटेल. म्हणून गाडी मी थांबवली आहे. धर्मेंद्रभाऊ म्हणाले की कंप्युटर बरोबर सांगून राहिला, अन तू प्लग पाहून भविष्य सांगून राहिली का. सोमवारपासून ऑइलवर जा म्हणाले. मी म्हटले जाते, पण आधी इंजिन उघडू. मामा, मी चुकले असेन तर? भीती वाटते.

आपली,
लतिका

ता. क. (सोमवार) पत्र टाकायचे राहूनच गेले होते. आज इंजिन उघडले. तीन नंबरला पेट्रोल सोडणारा इंजेक्टर अर्धा तुंबलेला, पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी. रविवारी पळाली असती तर पहिल्याच फेरीत फुटली असती, असे धर्मेंद्रभाऊच म्हणाले. टेबल मला दिले.


उमरेड,
२३ जानेवारी

चि. लतिका हिस,
सप्रेम जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

मामीने पत्र दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाच म्हटले तर म्हणाली की भात करपून राहिला. ते चंदेरी कण पिस्टनचेच; पेट्रोल कमी पडले की तो तापून वितळतो. चुकले असेन तर, असे विचारण्याआधीच तू गाडी थांबवलीस, याचा मला फार आनंद झाला. छाती भरून आली, खोटे कशाला सांगू. माझ्या डोळ्यांचे ताईला आता मीच कळवतो.

एक मात्र राहिले. तीन नंबरचे तू बारकाईने लिहिलेस आणि बाकी तिघांना नुसते ‘सारखेच’ म्हणून मोकळी झालीस. अगं, नीट चाललेल्या इंजिनाच्या प्लगचा रंग हीच तर माझी आयुष्यभराची हौस. टर्बोच्या गाडीत तो कसा येतो? बिस्किटासारखा, की दुधाळ चहासारखा? खाली बुडाशी गडद होतो का? कड कुठे फिकट होते? टॉर्च धरून पुन्हा पाहा आणि सावकाश लिही. मला तो पाहायचा आहे.

वाटेकडे कान लावून बसलेला,
नत्थूमामा