ताटावरून उठलेला

रविवार, २ नोव्हेंबर

काल लिहिलेल्यात एक चूक आहे. या खोलीत माझ्याआधी कुणीच राहत नव्हतं, असं मी लिहिलं. राहत होतं. घरमालकीण यमुताईंचा मुलगा राहत होता. तो आता नाही. त्यांनी एवढंच सांगितलं आणि मी पुढे विचारलं नाही. आजोबांची शिस्त अशी, की लिहिलेलं खोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी चूक मान्य करून खरं लिहायचं. दम्यामुळे चौथीपर्यंत माझी शाळा भिवापूरला आमच्या ओसरीवरच झाली. मास्तर आजोबा, विद्यार्थिनी मी एकटी.

बाकी सगळं छान आहे. नंदनवन वस्तीत निळ्या फाटकाचं घर, शेजारी पिठाची चक्की, वरच्या मजल्यावर माझी खोली. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. जेवण खाली यमुताईंकडे. त्यांच्या वांग्याच्या भाजीनं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर हसून म्हणाल्या, काय वं वेदिका, मिरचीच्या भिवापूरची पोरगी अन् तिखटाले भेते! त्यांचे यजमान केशवराव कंपनीच्या बसनं हिंगण्याला जातात, फारसे बोलत नाहीत. मी निरीक्षणगृहात नोकरीला लागणार हे ऐकून यमुताईंनी डिपॉझिटसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, चांगलं काम आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गुन्हा केलेली अठरा वर्षांच्या आतली मुलं चौकशी होईपर्यंत आमच्याकडे असतात. मी त्यांची समुपदेशक. अधीक्षक मॅडमनी मला पहिला मुलगा दिला तो अनिश. सोळा वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी मित्राला चाकूनं मारलं. सतरा तारखेला बाल न्याय मंडळ ठरवणार आहे, की त्याचा खटला मुलासारखा चालवायचा की मोठ्या माणसासारखा, आणि मला काय वाटतं ते मला विचारणार आहे. गुन्ह्याचे कागद मॅडमनी मुद्दाम दिले नाहीत. आधी मुलगा बघ, गुन्हा नंतर वाच, ही त्यांची पद्धत. मला ती पटली.

अनिशची आई तो लहान असताना निघून गेली. काका पट्ट्यानं मारायचे. सायकलच्या दुकानात टायरांवर झोपायचा. नखं मुळापर्यंत कुरतडलेली. जेवला का, विचारलं तर म्हणाला, भूक नाही लागत मॅडम.

मोठ्यानं म्हटलेलंच पाठ होतं, असं आजोबा सांगत. म्हणून संध्याकाळी खोलीत फेऱ्या मारत अनिशचं सगळं भिंतीला सांगितलं. मेलेल्या मुलाचं नाव माहीत नव्हतं, म्हणून मयत म्हटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दिव्याच्या बटणावर पिवळे डाग होते. पाच बोटांचे. वरणाचे असावेत, ओलेच होते. माझेच असतील म्हणून पुसले. मग हात लावून पाहिला. ती बोटं माझ्यापेक्षा लांब आहेत.

खाली यमुताई रोज एक ताट वाढून झाकून ठेवतात. आज विचारलं. म्हणाल्या, पोरगा जेवता जेवता उठला. भरल्या ताटावरून उठू नये, ओरडली मी. आलोच म्हणे. हात धुवाचाबी राहिला त्याचा. मग त्या भाकरी थापत राहिल्या. मी अपघात समजले.

संध्याकाळी पुन्हा अनिशचं म्हटलं. रोज म्हणते. मला त्याची दया येते. एका मुलाचा जीव गेला आहे हे मी विसरले नाही. पण समोर बसतो तो अनिश. त्याची कुरतडलेली नखं मला दिसतात.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज अनिश त्या दिवसाबद्दल बोलला. सौरवनं, म्हणजे त्या मेलेल्या मित्रानं, त्याचा एक व्हिडिओ मोबाईलवर पसरवला होता. काका पट्ट्यानं मारतात आणि हा रडतो, असा. सगळी वस्ती हसली. अनिश चाकू खिशात घालून त्याच्या घरी गेला. निळं फाटक, म्हणाला. बाजूले चक्की. वरच्या खिडकीकडे पाहून हाक मारली, तर तो खालच्या दारातून आला, जेवणातून उठून. हसत होता. तसाच उष्टा हात याच्या खांद्यावर ठेवला अन् म्हणे, रागावला काय बे? चाल, वरण-भात खाऊन घे आधी.

आणि तरी यानं—

अनिश रडला. मी त्याला पाणी दिलं.

निळं फाटक. मी रोज संध्याकाळी सौरवच्या खोलीत उभी राहून सौरवलाच सांगत होते, की त्याला मारणाऱ्याची दया का करावी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

यमुताईंना सांगितलं. त्यांना माहीत होतं. तू कुठं जातेस हे ऐकूनच खोली दिली, म्हणाल्या. तिथं त्या अनिशच्या बाजूनं बोलाले कोणीतरी आहे, म्हटलं माझ्या घरातबी पोराच्या बाजूनं कोणी बोलणारं असू दे. रोज जिन्यात बसून ऐकून राहिली मी. पोरगाही ऐकते.

मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, त्याची दया कर वं, मी नाही मनत नाही. लेकरूच आहे तेही. पण माझ्या पोराच्या ताटातली काढून त्याले वाढू नको.

मी सौरवच्याच घरी राहते, हे मॅडमना सांगायला हवं. उद्या सांगते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सांगितलं नाही. मला काढलं तर अनिशकडे कोण पाहील, असं स्वतःला पटवलं. खरं कारण, भीती.

आज संध्याकाळी काहीच म्हटलं नाही. गप्प बसले. तर दाराची कडी आतून हलू लागली, कुणीतरी उठून बोलायला सांगावं तशी. खुर्ची सरकली. माझ्या कुर्त्याच्या बाहीवर डाग आहेत. धुतले. वास जात नाही. हिंग, तूप—

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बालदिन. मुलांना लाडू वाटले. अनिशनं हातात धरून ठेवला. समोर सौरव बसला आहे म्हणाला, तो जेवला नाही तर मी कसा जेवू. कधीपासून दिसतो, विचारलं.

तुम्ही आल्यापासून, मॅडम.

त्याच्या शर्टाच्या खांद्यावर पाच बोटं. ओली.

मीच आणते त्याला. रोज. बसमधून, माझ्याबरोबर.

शनिवार, १५ नोव्हेंबर

काही खात नाही म्हणून अनिशला सलाईन लावली आहे. त्याला न्या मॅडम, एवढंच म्हणतो.

दुपारी भर उन्हात खोलीत बसून मोठ्यानं म्हटलं, की अनिशचा खटला मोठ्यासारखा चालवा असं सांगते. मग तर झालं? मग सोडशील?

काहीच हललं नाही. चक्कीसुद्धा बंद होती.

मग भिंतीवर डाग. एकामागून एक, खालून वर. डाग थांबत नाहीत, म्हणजे त्याला ते नको आहे. मग काय हवं—

तो खोटं मागत नाही. मीच द्यायला निघाले होते.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी मॅडमना फोन केला. कुठे राहते ते सांगितलं. त्या म्हणाल्या, हे मंडळापुढे स्वतः सांग. त्यानंतर तुला या प्रकरणात राहता येणार नाही. अनिशची रात्र वाईट गेली.

मग भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. सौरव, वय— पुढे मला काहीच येईना. त्याचं मी काहीच विचारलेलं नाही. एवढ्या दिवसांत एकदाही नाही.

खाली जाऊन यमुताईंना विचारलं. पहिल्यांदा त्या बसून बोलल्या. सायकल शिकताना चक्कीच्या भिंतीवर आपटला होता. गणितात कच्चा. कुत्र्यांना भ्यायचा. दुसऱ्याला रडवून हसायचा, मग समजवायला जायचा. हेही लिही म्हणाल्या, गुणाचाच होता असं नको सांगू. केशवराव दारात उभे होते. ते म्हणाले, आवाज मोठा होता त्याचा. आणि आत गेले.

आता वर आले आहे. ऊन आहे. मागे कुणीतरी पलंगावर बसलं. वळणार नाही. मोठ्यानं म्हणते आहे आणि लिहिते आहे. तो ऐकतो आहे— श्वास जवळ— मानेपाशी—

अनिशची दया येते. तेही म्हटलं. त्याच्यासमोर म्हटलं. श्वास थांबला. गेला नाही.

खांद्यावर— ओलं—

ठरलं. दोघांचंही सांगणार, एकाचं दुसऱ्यातून काढणार नाही. आधी सौरवचं. नाव घेऊन. मग अनिशचं, मुलासारखंच वागवा म्हणून. उद्या. सोमवार, सतरा नोव्हेंबर, मंडळ बसलं की मी उभी राहून—