थोरलीच्या वाट्याचं फळ

तुकूम, चंद्रपूर
१९ मे २०२४

प्रिय रंजीता,

सप्रेम जयभीम. तू बरी असशील. धानोऱ्याच्या दवाखान्यात ड्युटी अजून सकाळचीच आहे का? इथे ऊन नेहमीसारखं, पंखासुद्धा गरम हवा फेकतो.

पत्राचं कारण एक झाड. मागच्या भिंतीजवळ, जुन्या खताच्या खड्ड्यात ते वाढलं आणि यंदा पहिल्यांदा फळलं. पिवळी, मऊ लव असलेली, वेडीवाकडी फळं; एकासारखं दुसरं नाही. शेजारच्या प्रफुलने मोबाइलवर फोटो काढून शोधलं. मोबाइल म्हणाला, फणस. मी काय फणस पाहिला नाही? मग एक निवृत्त प्राध्यापक आले, चहा प्यायले, दोन पानं खिशात घालून गेले आणि आठवड्याने कळवलं, ‘फणसाच्या कुळातलं काहीतरी.’ एवढ्यासाठी आठवडा लागतो?

शेवटी अंगण झाडायला लालसू आला, तुझ्या माहेरच्या भामरागडकडचा. त्याने वर पाहिलं आणि खराटा खाली ठेवला.

“बाई, हे इथी कसं आलं? हे तं आमच्या जंगलातलं.”

मी म्हटलं, आपोआप आलं.

“इतक्या दूर आपोआप नाई येत. कोनी तरी आनलंच असन.”

पाडून खा म्हटलं तर त्याने मान हलवली. पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे देवाला दाखवल्याशिवाय, नवीन फळ तोंडात घालत नाहीत आणि त्यानंतरचा पहिला वाटा घरातल्या थोरल्याचा, असं त्याने मला समजावलं. अडतीस वर्षं मुलांना शिकवलेल्या मला.

रंजीता, मी त्याला खोटं सांगितलं. झाड कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तू माहेरहून टोपली आणलीस, पळसाच्या पानांनी झाकलेली. म्हणालीस, “ताई, हे तुमच्यासाठी. पहिले तुम्ही खाजा.” फळाचं नावसुद्धा मी विचारलं नाही. तुम्ही दोघं फाटकाबाहेर पडलात आणि मी टोपली खड्ड्यात उपडी केली. कुलदीप चष्मा विसरला म्हणून परत आला होता. त्याने पाहिलं. चष्मा घेतला आणि गेला.

त्याने तुला सांगितलं, ताईला फार आवडली. म्हणून तू दर उन्हाळ्यात पाठवत राहिलीस. नऊ टोपल्या फळं, सगळी खड्ड्यात. मी खोटं बोलले नाही, फक्त गप्प राहिले. हा फरक कॉन्व्हेंटात आम्ही छान शिकलो होतो. माझ्या भावाला मात्र माझं खोटं नऊ वर्षं स्वतःच्या तोंडून सांगावं लागलं, तेही तुला. पंडुम करून आलेला तो थोरलीचा वाटा होता, हे मला आत्ता लालसूकडून कळलं. पण माझं चुकत होतं हे कळायला त्याची गरज नव्हती. छप्पन्न साली याच गावात माझ्या आजीने दीक्षा घेतली. तिच्या हातचं पाणी कोणी घेत नसे, हे मी दर सोळा ऑक्टोबरला माइकवरून सांगते. मागच्या वर्षीही सांगितलं. टाळ्या पडल्या.

कुलदीप गेला आणि टोपली यायची थांबली. खरं सांगते, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता रोज दोनतीन फळं पिकून पडतात. लालसू म्हणतो, तुम्हाला पंडुमचं बंधन नाही, थोरल्याही तुम्हीच, तुम्ही तरी खा. मी एकही चाखलेलं नाही. का, ते त्याला सांगितलं नाही.

तू ये. चार शब्द सुनावायचे असतील तर सुनाव. ऐकून घ्यायची मला सवय नाही, तरी बसेन. जाताना एक फळ तुझ्या हाताने माझ्या हातावर ठेव. नाही ठेवावंसं वाटलं तर सगळी पाडून घेऊन जा, झाड तुझंच आहे. टोपल्या मी टाकल्या नव्हत्या. विणकाम चांगलं होतं, म्हणून ठेवल्या. नऊही माळ्यावर आहेत.

जय सेवा, रंजीता. आजवर तुझ्या माहेरच्या या नमस्काराला मी नुसती मान हलवत आले.

सरिता